छायाचित्राच्या मागे लिहिलेले नाव

परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यात ताडकळस हे एक बाजारगाव आहे. काळ्या मातीचा मुलूख, कापूस, ज्वारी आणि तुरीची शेती, बाजार समितीचे आवार, आसपासच्या खेड्यांतून येणारी-जाणारी माणसे, असे मराठवाड्यातील अनेक गावांचे जे चित्र, तेच याही गावाचे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राजवटी बदलल्या त्याची नोंद कागदोपत्री आहे. पण त्या राजवटींच्या काळात बाजाराच्या दिवशी कोण कुठे बसत असे, बैलगाडीच्या शेजारी पहिला ट्रॅक्टर कधी उभा राहिला, बायकांच्या डोक्यावरची तांब्या-पितळेची घागर जाऊन प्लॅस्टिकची घागर कोणत्या दशकात आली, याची नोंद कोणत्या दप्तरात सापडणार?

अशी नोंद करण्याचे सामर्थ्य कॅमेऱ्यात आहे, आणि ते काम मनापासून करील असा माणूस म्हणजे गावातलाच हौशी छायाचित्रकार. सुटीच्या दिवशी खांद्याला कॅमेरा अडकवून चार मैल पायी फिरणारा, कोणी न सांगता, कोणाकडून पैसा न घेता बाजार, नदीघाट, बसथांबा, गल्लीतली मुले टिपणारा हा माणूस पुष्कळदा चेष्टेचा विषय होतो. ‘यात फोटो काढण्यासारखे काय आहे?’ हा प्रश्न त्याला हमखास विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

हौशी मंडळींची मुंबई

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर याच्या छायाचित्रणपद्धतीची जाहीर घोषणा झाली. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ साली, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील अशा संस्था त्यानंतरच्या, १८५६ सालच्या. लष्करी अधिकारी, सरकारी नोकर, डॉक्टर, व्यापारी असे नाना तऱ्हेचे लोक मुंबईच्या या संस्थेत एकत्र आले. पोटासाठी त्यांचा दुसरा उद्योग होता. छायाचित्रण ही त्यांची हौस होती. आपल्याकडील छायाचित्रणाच्या इतिहासाचे पहिले पान मोठ्या प्रमाणात हौशी मंडळींनी लिहिले, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

या मंडळींत आपली माणसेही होती. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर डॉ. भाऊ दाजी लाड हे सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर होते. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही वैद्यकीचे पदवीधर आणि त्याचबरोबर नाणावलेले छायाचित्रकार होते. सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांनी आपली छायाचित्रे मांडली होती. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतील आरंभीच्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक म्हणून प्रसिद्धीस आले.

१८५६ ते १८५८ या काळात विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी सोसायटीच्या आश्रयाखाली ‘द इंडियन ॲमेचर्स फोटोग्राफिक अल्बम’ ही मालिका प्रसिद्ध केली. तिच्या नावातच हौशी माणसाला मानाचे पान दिलेले होते. मुंबई परिसरातील वास्तू, देखावे आणि निरनिराळ्या व्यवसायांतील माणसे तीत पाहावयास मिळतात.

त्या काळची हौस मात्र स्वस्त किंवा सुखाची नव्हती. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या काचेची पद्धत शोधून काढली. काचेवर कलोडियनचा चिकट लेप द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वीच धुऊन काढायची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. त्यामुळे घराबाहेर पडायचे तर कॅमेरा, तिपाई, काचा, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि अंधाऱ्या खोलीचे काम देणारा तंबू असा सारा संसार बैलगाडीवर किंवा हमालांच्या डोक्यावर लादून न्यावा लागे.

आणखी एक अडचण होती. प्रकाशाचा ठसा काचेवर उमटायला काही सेकंद लागत. तेवढ्या वेळात जो हलला तो पुसट झाला आणि जो चालत राहिला तो अदृश्यच झाला. म्हणून त्या काळातील रस्त्यांची छायाचित्रे पाहताना शहर ओस पडले आहे की काय असे वाटते. वास्तविक रस्ता गजबजलेला असे. इमारत, किल्ला, देऊळ स्थिर उभे राहत, म्हणून त्यांची चित्रे ठळक उमटली. पाणी भरणारी बाई, धावणारे पोर, घासाघीस करणारा गिऱ्हाईक यांना त्या काचेवर जागा नव्हती. सामान्य जीवन इतिहासाच्या चित्रातून गळाले त्याचे एक कारण असे निव्वळ यांत्रिक होते.

नमुना आणि माणूस

दुसरे कारण पाहणाऱ्याच्या दृष्टीत होते. १८६३ आणि १८६६ साली विल्यम जॉन्सन याने मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींवर छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यांत माणसांची चित्रे एकीकडे काढून ती दुसऱ्याच एखाद्या देखाव्याच्या पार्श्वभूमीवर बसविलेली आहेत. माणूस खरा, जागाही खरी, पण तो माणूस त्या जागी उभा नव्हता. पुढे १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थान सरकारसाठी ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथाचे आठ खंड निघाले. १८५७ च्या उठावानंतर आपण राज्य करीत आहोत ती प्रजा ओळखून घ्यावी, ही सत्ताधाऱ्यांची गरज त्यामागे होती.

या ग्रंथांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. त्या काळचे पोशाख, दागिने, पागोट्याचे बांध, हत्यारे यांची माहिती आज त्यांतूनच मिळते. पण एक उणीव मनाला बोचते. चित्राखाली बहुधा जातीचे किंवा धंद्याचे नाव आहे, माणसाचे नाही. समोर बसलेल्या त्या बाईला कोणीतरी हाकेचे नाव ठेवले होते, त्या म्हाताऱ्याला नातवंडे होती. कॅमेऱ्यामागच्या परक्या माणसाने ते विचारले नाही, कारण त्याला नमुना हवा होता. चेहरा राहिला, माणूस हरवला.

मराठवाड्यात आलेला कॅमेरा

मराठवाड्याकडे वळताना पहिले नाव घ्यावे लागते ते मेजर रॉबर्ट गिल यांचे. मद्रास लष्करातील हे अधिकारी १८४० च्या दशकाच्या मध्यास अजिंठ्यास आले. लेण्यांतील चित्रांच्या मोठाल्या प्रतिकृती रंगविण्याचे काम त्यांच्याकडे सोपविलेले होते. वर्षानुवर्षे खपून त्यांनी केलेल्या या प्रतिकृती लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६ सालच्या आगीत त्यांतील बहुतेक जळून खाक झाल्या. दरम्यान गिल यांनी कॅमेराही हाती घेतला होता. त्यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ साली निघाली. रंगविलेल्या प्रतिकृती एकेकच होत्या, त्या गेल्या त्या गेल्याच. छायाचित्रांच्या प्रती अनेक होत्या, म्हणून ती उरली. एकाच्या हाती ठेवलेली आठवण एका आगीत नष्ट होऊ शकते, हा धडा आपल्या कपाटातील अल्बमलाही लागू पडतो.

दुसरे नाव राजा दीनदयाळ यांचे. त्यांचा जन्म १८४४ साली मीरतजवळच्या सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला. सरधना म्हटले की कॅथलिक वाचकांना बेगम समरूने बांधविलेले कृपामातेचे भव्य मंदिर आठवेल. दीनदयाळ रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकले आणि इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस लागले. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला तो हौस म्हणूनच. पुढे नोकरी सुटली आणि हौस हाच व्यवसाय झाला. सिकंदराबाद, इंदूर, मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ उघडले. सहाव्या निजामाने त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि ‘राजा’ हा किताब दिला. पडद्यातील स्त्रियांसाठी त्यांनी हैदराबादेत वेगळा स्टुडिओ काढला आणि तेथे काम पाहण्यास एक बाई नेमली. १९०५ साली त्यांचे निधन झाले.

वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला आणि औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) यांची दीनदयाळ यांच्या स्टुडिओने घेतलेली छायाचित्रे आजही पाहताना थक्क व्हायला होते. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्ग पुरा झाला, परभणी-पूर्णा हा भाग आगगाडीने जोडला गेला. त्याच सुमारास मराठवाड्यावर मोठा दुष्काळ कोसळला. जुनी माणसे त्याला ‘छपन्नचा दुष्काळ’ म्हणत. त्या वेळच्या औरंगाबाद भागातील मदतकामांची छायाचित्रेही दीनदयाळ यांच्या स्टुडिओने काढली. त्यांत मराठवाड्याचा कष्टकरी माणूस दिसतो, पण सरकारने त्याच्यासाठी काय केले हे दाखविण्याच्या निमित्ताने दिसतो. दरबारी छायाचित्रकाराला याहून वेगळे करता येणेही कठीण होते. ज्याने काम दिले त्याच्या नजरेला जे हवे ते टिपणे हा व्यवसायाचा धर्म आहे. हौशी माणसाला मात्र काम देणारा कोणी नसतो. त्याचे स्वातंत्र्य आणि त्याची जबाबदारी दोन्ही येथेच सुरू होतात.

कॅमेरा हातात मावू लागला

कोरड्या काचांचा शोध १८७१ साली लागला आणि पुढच्या दहा वर्षांत त्या बाजारात मिळू लागल्या. तंबू आणि रसायने बरोबर नेण्याची गरज संपली. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन याने ‘कोडॅक’ कॅमेरा आणला. शंभर चित्रांची फिल्म आत भरलेली असे. ती संपली की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. १९०० साली एका डॉलरला मिळणारा ‘ब्राउनी’ कॅमेरा आला आणि मुलांच्याही हाती छायाचित्रण गेले. १९२५ साली जर्मनीतील वेट्झलार गावी तयार झालेला ‘लायका’ कॅमेरा बाजारात आला. कोटाच्या खिशात मावणाऱ्या या कॅमेऱ्याने हलती, बोलती गर्दी टिपणे सोपे केले. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे मराठवाड्यात थट्टेने आणि थोड्या अभिमानानेही म्हणतात. छायाचित्रणापुरते बोलायचे तर जर्मनीने आपले काम केले, यंत्र दिले. परभणी काय करते हा खरा प्रश्न होता.

आपल्याकडे रोजच्या जीवनाकडे कॅमेरा वळविणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांना अग्रमान द्यावा लागेल. मुंबईत त्यांचा छायाचित्रांचा स्टुडिओ होता. १८९६ साली वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे पाहून ते भारावून गेले आणि त्यांनी लंडनहून चलच्चित्राचा कॅमेरा मागविला. १८९९ साली त्यांनी टिपले काय, तर हँगिंग गार्डनमधील कुस्ती. पुढच्या प्रयत्नात माकडांना खेळ शिकविणारा मदारी. मुंबईकर रोज रस्त्यावर पाहत होते तेच त्यांनी टिपले. आपल्या चित्रपटाचा उगम असा साध्या रस्त्यावरचा आहे.

१९३० च्या दशकात होमाई व्यारावाला ही जे. जे. कलाशाळेत शिकणारी पारशी तरुणी कॅमेरा घेऊन मुंबईत हिंडू लागली. आपल्या मैत्रिणी, सहली, बाजार, शहरातील कामकरी स्त्रिया हे तिचे विषय होते. तिची सुरुवातीची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली, कारण स्त्री छायाचित्रकार ही कल्पनाच तेव्हा लोकांना नवी होती. १९४२ मध्ये त्या दिल्लीस गेल्या आणि स्वातंत्र्याच्या काळातील मोठमोठ्या घटना टिपून देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून गाजल्या. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१२ च्या जानेवारीत त्या निवर्तल्या. नेत्यांची चित्रे अनेकांनी काढली. पण १९३० च्या दशकातील मुंबईच्या तरुण मुली हसतात कशा, बसतात कशा, हे मैत्रीण म्हणून त्यांच्यात बसलेल्या होमाईनांच टिपता आले.

ब्रिटिश कौन्सिलमध्ये नोकरी करणारे फॉय निसेन हे तर शब्दशः हौशी. नोकरी सांभाळून त्यांनी वर्षानुवर्षे मुंबई पायाखाली घातली आणि तिचे रस्ते, इमारती, माणसे टिपली. २०१८ साली त्यांचे निधन झाले. गिरण्यांच्या मुंबईची टोलेजंग मनोऱ्यांची मुंबई होत असताना अशा माणसांची छायाचित्रे शहराची स्मरणशक्ती होऊन बसली.

लहान गावातील मध्यमवर्गीयांपर्यंत कॅमेरा पोहोचला तो त्यानंतर. बडोद्याच्या कारखान्यात तयार होणारा ‘आग्फा क्लिक थ्री’ अनेकांना आठवत असेल. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. ऊन की ढग, एवढेच ठरवायचे. शिक्षक, पोस्टमास्तर, बँकेतील कारकून यांच्या घरी तो असे. बाराच फोटो असल्यामुळे प्रत्येक वेळी बटण दाबण्यापूर्वी विचार करावा लागे. पण बहुतेक वेळा ते बारा फोटो लग्न, बारसे आणि सहलीवरच खर्ची पडत. गावचा बाजार तेराव्या फोटोसाठी राहून जाई, आणि तेरावा फोटो रोलमध्ये नसे.

शहरातील हौशी मंडळांचीही एक अडचण होती. स्पर्धा आणि प्रदर्शनांसाठी ‘सुंदर’ चित्रे काढण्याकडे त्यांचा ओढा असे. धुळीतून जाणारी बैलगाडी, झाडांतून झिरपणारी किरणे, डोक्यावर घागर घेतलेली स्त्री, आणि खाली ‘सायंकाळ’ किंवा ‘परतीची वाट’ असे नाव. चित्र देखणे, पण ते सोलापूरचे की सटाण्याचे, १९५० चे की १९७० चे, हे कळायला मार्ग नाही. सरकारी ग्रंथांत माणसाची जात उरली, प्रदर्शनाच्या भिंतीवर तेही उरले नाही.

तुरिनचा वकील

हौशी छायाचित्रकाराचे काम कोठवर जाऊ शकते याचे एक उदाहरण ख्रिस्ती जगताला जवळचे आहे. उत्तर इटलीतील आस्ती गावी १८५५ साली जन्मलेले सेकोन्दो पिया हे पेशाने वकील. सवड मिळाली की कॅमेरा घेऊन ते आपल्या पिएमोन्ते प्रांतातील गावोगाव हिंडत. जुनी चर्चे, प्रार्थनामंदिरे, भित्तिचित्रे, पडक्या वास्तू हे त्यांचे विषय. हे काम त्यांना कोणी सांगितले नव्हते. वर्षानुवर्षांच्या या भटकंतीतून त्या प्रांताच्या कलावैभवाचा फार मोठा चित्रसंग्रह उभा राहिला.

१८९८ साली तुरिन येथे पवित्र प्रेतवस्त्राचे प्रदर्शन भरले, तेव्हा त्याचे पहिले छायाचित्र घेण्याची संधी या वकिलाला मिळाली. २८ मे १८९८ च्या रात्री विजेच्या दिव्यांच्या प्रकाशात त्यांनी मोठ्या काचांवर चित्र घेतले. अंधाऱ्या खोलीत काच धुताना नेहमीप्रमाणे उलटे, धूसर चित्र दिसण्याऐवजी त्यांना एक शांत, रेखीव मानवी चेहरा दिसला. डोळ्यांना वस्त्रावर अस्पष्ट दिसणारी आकृती निगेटिव्हमध्ये स्पष्ट झाली होती. लोकांनी त्यांच्यावर हातचलाखीचाही संशय घेतला. १९३१ साली जुझेप्पे एन्रिए या व्यावसायिक छायाचित्रकाराने पुन्हा चित्रे घेतली, तीही तशीच आली, आणि वृद्ध पियांच्या प्रामाणिकपणाची साक्ष पटली. पुढे १९८८ साली तीन प्रयोगशाळांनी केलेल्या कार्बन चाचणीत हे वस्त्र १२६० ते १३९० या काळातील असल्याचा निष्कर्ष निघाला. त्यावरील वाद अद्याप शमलेला नाही आणि ख्रिस्तसभेनेही वस्त्राच्या अस्सलपणाविषयी अधिकृत निर्णय दिलेला नाही. आपला मुद्दा वेगळा आहे. त्या रात्री पियांचा हात स्थिर राहिला तो आधीच्या वीस वर्षांत खेड्यापाड्यांत, कोणाचे लक्ष नसताना केलेल्या कामामुळे. जगाला त्यांचे एकच चित्र ठाऊक आहे. पिएमोन्तेच्या गावांना मात्र त्यांची बाकीची चित्रेही तितकीच मोलाची आहेत.

जे हरवले ते कोणी टिपले होते?

आता आपल्या मराठवाड्याकडे परत येऊ. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरत होती, माणसे झोपेत होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड धाबी कोसळली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे दगावली. उद्ध्वस्त झालेल्या बावन्न गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. नवी गावे सरळ रस्त्यांची, आखीवरेखीव आहेत. जुन्या गावातील अरुंद बोळ, वाड्यांचे दरवाजे, पारावरच्या बैठकी मात्र एका रात्रीत संपल्या.

भूकंपानंतर पडलेल्या घरांचे फोटो जगभर छापून आले. ढिगाऱ्याचे चित्र घ्यायला दूरदूरचे छायाचित्रकार आले. पण भूकंपाच्या आदल्या आठवड्यात ती गल्ली कशी दिसत होती, उंबऱ्यावर बसून कोण धान्य निवडत होते, याचे चित्र घ्यायला दूरचा कोण येणार? ते गावातल्याच कोणी सहज म्हणून घेतले असेल तरच आज असेल. अशा एखाद्या साध्या फोटोला त्या घरातील वाचलेल्या माणसासाठी काय मोल असेल, याची कल्पना केलेली बरी.

गावे केवळ भूकंपातच जातात असे नाही. पैठणजवळचे जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाले. त्याच्या पाण्याने परभणीपर्यंतचे मळे हिरवे झाले, पण नाथसागराच्या तळाशी अनेक गावांचे पार आणि पाणवठे गेले. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील माणसे खडी फोडत होती, मुले सुकडीसाठी रांगेत उभी होती. त्या पिढीचे हात आता थकले आहेत. आपल्या वसईत बावखळे बुजली, केळीच्या बागांतून रस्ते निघाले आणि २००९ साली महानगरपालिका आली. हे बदल इतक्या सावकाश होतात की रोज पाहणाऱ्याच्या ते लक्षातच येत नाहीत. एखाद्या दिवशी जुना फोटो हाती लागतो आणि आपण विचारतो, ‘येथे विहीर होती?’

नोंदवही आणि अल्बम

त्रेंत येथील विश्वपरिषदेने १५६३ साली धर्मग्रामांमध्ये विवाहाची नोंदवही ठेवण्याचा नियम घालून दिला. स्नानसंस्काराच्या नोंदींनाही त्याच परिषदेच्या आदेशांनी बळकटी आली. राजेमहाराजांच्या बखरी लिहिल्या जात होत्या त्या काळात कोळ्याच्या, शेतकऱ्याच्या, मोलकरणीच्या मुलाचेही नाव, आईबापांचे नाव, साक्षीदारांचे नाव आणि तारीख लिहून ठेवण्याची ही शिस्त होती. इतिहासाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. सामान्य माणूस नावानिशी कागदावर आला.

या नोंदवहीत नाव आहे, चेहरा नाही. घरच्या अल्बममध्ये चेहरा आहे, पण पुष्कळदा नाव नाही. प्रथम कम्युनियनच्या रांगेतील पांढऱ्या पोशाखातील तिसरी मुलगी कोण, हे आजीला ठाऊक होते. आजी गेली आणि ती मुलगीही, छायाचित्रात असूनही, हरवली. परक्या छायाचित्रकाराने नाव विचारले नाही याचा दोष आपण देतो, तर आपल्याच अल्बममधील माणसे निनावी का राहावीत? हौशी छायाचित्रकाराचे खरे काम नोंदवही आणि अल्बम यांची गाठ घालून देण्याचे आहे. परक्याला जे विचारावे लागते ते त्याला माहीत असते, आणि जे माहीत नसते ते तो सहज विचारू शकतो. ताडकळसच्या बाजारात भाजी विकणारी बाई बाहेरून आलेल्या छायाचित्रकाराच्या लेखी ‘भाजीवाली’ असते. गावातल्या मुलाच्या लेखी ती कोणाची तरी मावशी असते.

हे काम खर्चाचे नाही. छापलेल्या फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, ठिकाण आणि साल लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो. गोंदाच्या चिकट पानांचे अल्बम फोटोला अपाय करतात, त्यापेक्षा साधे कागदी पाकीट बरे. रंगीत फोटो काळाबरोबर फिके होतात, म्हणून त्यांच्या प्रती वेळीच काढून ठेवाव्यात, आणि त्या दोन घरी ठेवाव्यात. गिल यांच्या जळालेल्या प्रतिकृतींचा धडा विसरू नये. आता प्रत्येक खिशात मोबाइल आहे आणि दिवसाला शेकडो चित्रे निघतात. पण मोबाइल बदलला की सारे एका क्षणात जाते, आणि राहिले तरी त्यातील एकाही चित्राला नाव नसते. बारा फोटोंच्या रोलने आपल्याला जी निवड शिकविली ती या विपुलतेत विसरून चालणार नाही.

आणखी एक पथ्य आहे. समोरच्या माणसाला विचारून, त्याचा मान राखून चित्र घ्यावे. त्याच्या दुःखाच्या किंवा गैरसोयीच्या क्षणी कॅमेरा खाली ठेवावा, आणि शक्य असेल तेव्हा त्याची एक प्रत त्याच्या हाती द्यावी. ज्याचा चेहरा घेतला त्याला तो परत देणे हा साधा न्याय आहे.

‘यात फोटो काढण्यासारखे काय आहे?’ या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. लेण्यांचे आणि किल्ल्यांचे फोटो घ्यायला गिल आणि दीनदयाळ आले, उद्याही कोणी येतील. ताडकळसचा बसथांबा, पूर्णा स्टेशनचा फलाट, गल्लीतला नळ आणि त्यापाशी उभी असलेली, नाव माहीत असलेली माणसे यांच्यासाठी बाहेरून कोणी येणार नाही. प्रत्येक धर्मग्रामात अशी हौस असलेला एखादा तरुण किंवा तरुणी असतेच. येत्या सुटीत त्यांना एवढेच सांगावे, की गावातून एक फेरी मारा, दहा चित्रे घ्या, आणि घरी आल्यावर प्रत्येकाच्या मागे नाव लिहा.